जव्हार-मोखाड्यात श्वानपैदास: आधी नोंदणी, मग पिल्लं

नाशिक आणि मुंबई अशा दोन्ही बाजूंना गिऱ्हाईक, स्वस्त वाटणारी मोकळी जागा आणि उन्हाळ्यातही शहरापेक्षा बरी हवा, या तीन गोष्टींच्या जोरावर जव्हार-मोखाड्यात कुत्र्यांची पैदास सुरू करावी असं अनेकांच्या मनात येतं. कुणी शेतघराच्या मागे चार पिंजरे बांधायचं ठरवतो, कुणी जोडीला लॅब्राडोर आणतो. कागदपत्रं मागाहून करू, असा विचार असतो. कायद्याचा क्रम नेमका उलटा आहे. नोंदणी हातात आल्याशिवाय पैदाशीसाठी कुत्री ठेवताही येत नाहीत. हा क्रम पाळून काम कसं उभं करायचं, त्याची ही कृती.

हे कुणाला लागू

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. त्याखाली केंद्र सरकारने मे २०१७ मध्ये श्वान पैदास आणि विक्रीचे नियम काढले. विक्रीसाठी जातिवंत कुत्र्यांची पैदास करणारा माणूस या नियमांत येतोच. पण पिल्लं दुसऱ्याकडून घेऊन विकणारा व्यापारी, मधला दलाल आणि कुत्री सांभाळायला ठेवून घेणारा बोर्डिंगवालाही 'पैदासकार' या व्याख्येत मोडतो. शहरातून टोपलीत पिल्लं आणून इथे विकणाऱ्याची "मी कुठे पैदास करतो?" असं म्हणून सुटका होत नाही. गोठा राखायला घरी पाळलेल्या कुत्र्याला मात्र या नोंदणीची गरज नाही.

काय काय लागेल

• कागद स्वच्छ असलेली जागा
• उन्हाळाभर पुरेल एवढं स्वतःचं पाणी
• छत, पक्की फरशी आणि वरून जाळी असलेली घरं. वेतासाठी वेगळी खोली. आजाऱ्यांसाठी त्याहून लांब दुसरी
• येण्या-जाण्याचं अंतर मान्य केलेला नोंदणीकृत पशुवैद्य
• प्रत्येक कुत्र्याला मायक्रोचिप
• जाड पुठ्ठ्याच्या नोंदवह्या
• अर्जाची फी ५,००० रुपये
• कुत्र्यांसोबत राहणारा, रेबीजची प्रतिबंधक लस टोचून घेतलेला माणूस

पायरी १: हिशेब मांडा

बहुतेक जण 'वर्षाला दोन वेतं, वेताला सहा पिल्लं' असा गुणाकार करतात. तो नियमांत बसत नाही. मादी १८ महिन्यांची होईपर्यंत तिला नर दाखवायचा नाही. लागोपाठ दोन माजांना गाभण ठेवायचं नाही. वर्षात एकच वेत, आयुष्यात जास्तीत जास्त पाच. आठ वर्षांनंतर एकही नाही.

आता गणित करा. मादी दोन वर्षांची असताना पहिलं वेत झालं आणि दरवर्षी एक धरलं, तरी सहाव्या-सातव्या वर्षी तिची पाच वेतं संपतात. मध्यम आकाराची कुत्री बारा वर्षं सहज जगते. म्हणजे पहिली दोन आणि शेवटची पाच वर्षं ती काहीही न कमावता तुमच्याकडे खाणार, लस घेणार, आजारी पडणार. तिला नसबंदी न करता विकून किंवा रस्त्यावर सोडून मोकळं होता येत नाही. हा खर्च पिल्लांच्या किमतीत धरून धंदा परवडत असेल तर पुढच्या पायरीकडे या. परवडत नसेल तर इथेच थांबलात तरी नुकसान काही नाही.

पायरी २: जागा तपासा

जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत, त्यामुळे जमिनीचा प्रश्न इथे सगळ्यात आधी येतो. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला भाड्याने घ्यायची तरी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. पाच वर्षांहून जास्त मुदत असेल तर राज्य सरकारची पूर्वमान्यताही लागते. स्टँपपेपरवर तोंडदेखला करार करून शेड ठोकलं तर उद्या जागाही जाईल आणि नोंदणीही. वनहक्काचा पट्टा वारसाकडे जातो, दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. तो राहण्यासाठी आणि पोट भरण्याइतक्या कसण्यासाठी दिलेला असतो. तिथे व्यापारी शेड घालू नका.

त्यानंतर ग्रामपंचायत. जव्हार शहरात नगर परिषद, मोखाड्यात नगरपंचायत. लेखी ना-हरकत घ्या, आणि ती घेण्याआधी पाड्यावरच्या माणसांशी बोला. रात्री भुंकणं, वास, आणि पाणी. यातलं पाणी सगळ्यात नाजूक. मोखाड्यात उन्हाळ्यात कितीतरी पाड्यांवर टँकर येतो. तीस किलोचं कुत्रं दिवसाला दीड-दोन लिटर पितं, ते काही फार नाही. फरशी धुवायला मात्र शेकडो लिटर जातं. सार्वजनिक विहिरीवर किंवा टँकरवर हे काम चालवायचा विचारही नको. पावसाळ्यात छपराचं पाणी साठवायची टाकी बांधा आणि मे महिन्याचा हिशेब जानेवारीतच करा. घाणीचा खड्डा झरा आणि विहिरीपासून लांब, उताराच्या खालच्या अंगाला घ्या.

जागा रानाला लागून असेल तर बिबट्याचा विचार करा. कुत्रं हे त्याचं आवडतं भक्ष्य आहे. दहा कुत्री भुंकणारी जागा म्हणजे त्याला आमंत्रणच, आणि तो आला की शेजाऱ्याच्या शेळ्याही धोक्यात. नुसतं कुंपण पुरत नाही. घरांना वरूनही जाळी हवी, रात्री आत बंद करण्याची सवय हवी, उरलंसुरलं खाणं उघड्यावर नको. बिबट्या फिरताना दिसला तर जव्हार वनविभागाला कळवा; वन खात्याचा मदत क्रमांक १९२६ आहे.

पायरी ३: जात निवडा

गिऱ्हाईक काय मागतं याआधी इथल्या हवेत काय टिकतं ते पाहा. चार महिने कोसळणारा पाऊस, ओल, गोचीड. दाट दुहेरी केसांचे हस्की आणि सेंट बर्नार्ड यांना इथे वर्षभर त्वचेचे आजार आणि उन्हाचा त्रास होईल. चपट्या नाकाचे पग आणि बुलडॉग यांची दुसरीच अडचण. बुलडॉगच्या मादीला बहुतेक वेळा सिझेरियन करावं लागतं, पगलाही पुष्कळदा. मध्यरात्री घाट उतरून शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोचायला किती तास लागतील ते मोजा आणि या जाती यादीतून काढून टाका.

मुधोळ हाउंड ही राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने मान्यता दिलेली देशी जात आहे. राजापालयम आणि चिप्पीपराई या तिच्या सोबतच्या दोन. मुधोळजवळ तिम्मापूरला या जातीचं सरकारी संशोधन केंद्र आहे. आपल्याकडे ही कुत्री कारवान म्हणून ओळखली जातात, लांब केसांची पश्मी. अंगावर केस कमी, आजार कमी, वेत सहसा सुरळीत. पण ती पाहून धावणारी कुत्री आहेत. ससा किंवा भेकर दिसलं की सुटतात. कुत्र्यामागे लागून प्राणी मेला तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ त्याला शिकारच म्हणतो. 'शिकारी कुत्रा' म्हणून जाहिरात करू नका, आणि तसं मागणाऱ्याला पिल्लू देऊ नका.

पिटबुल, रॉटवायलर यांसारख्या जातींपासून दूर राहा. केंद्राने १२ मार्च २०२४ रोजी २३ जातींच्या पैदाशीवर आणि विक्रीवर बंदीचं परिपत्रक काढलं होतं. एप्रिल २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. पण वादात सापडलेल्या जातीवर नवीन माणसाने पैसा लावू नये.

पायरी ४: घर उभारा

पिंजरा नव्हे, घर. कुत्र्याला उभं राहता, वळता, अंग पसरून झोपता यायला हवं, आणि त्याला लागूनच पळायला मोकळी जागा. तळाला जाळी नको, पंजे सोलतात. फरशी खडबडीत आणि उताराची करा म्हणजे पाणी साचत नाही आणि पाय घसरत नाहीत. झोपायची जागा जमिनीपासून हातभर उंच फळीवर. जव्हारच्या पावसात सिमेंटवर झोपलेलं कुत्रं महिन्याभरात कातडीच्या आजाराने खाजवायला लागतं. पत्र्याच्या छपराखाली गवताचा किंवा बांबूच्या चटईचा थर घातला की एप्रिल-मे सुसह्य होतो. पावसाची झड येते त्या बाजूला भिंत, उरलेल्या बाजू हवेसाठी मोकळ्या.

दाराला दुसरं दार हवंच. मादी माजावर आली की गावातले नर कुंपणाबाहेर ठाण मांडतात, आणि एकेरी फाटकातून एक जरी आत शिरला तर वर्षाचं वेत गेलं.

कायम साखळी नको. आखूड किंवा जड साखळीने जनावर तासन् तास बांधून ठेवणं आणि सतत बांधलेल्या कुत्र्याला व्यायाम न देणं, या दोन्ही गोष्टींना १९६० च्या कायद्याचं कलम ११ क्रूरता म्हणतं. शोभेसाठी शेपूट किंवा कान कापणंही त्यातच आलं.

पायरी ५: पशुवैद्य ठरवून घ्या

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांचा दिवस गायी-म्हशी आणि शेळ्यांत जातो. कुत्र्यांचा सराव असलेला खासगी पशुवैद्य नाशिक किंवा पालघर बाजूचा बघा आणि महिन्याची फेरी ठरवा. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पण ते आयत्या वेळचं ठिकाण नव्हे. सरकारी फिरत्या पथकाचा १९६२ हा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा.

मोठ्या कुत्र्यांना दरवर्षी रेबीजची लस आणि डिस्टेंपर-पार्व्होची एकत्रित लस. इथल्या पावसात लेप्टोस्पायरोसिसची लस टाळू नका. उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून तो आजार येतो आणि माणसालाही होतो. डिस्टेंपर नुसता कुत्र्यांपुरता राहत नाही. २०१८ मध्ये गीरच्या सिंहांमध्ये तो विषाणू सापडला होता. रानाशेजारी राहणाऱ्याने म्हणूनच लशीत कुचराई करू नये. पाड्यावरच्या कुत्र्यांनाही रेबीजची लस टोचून घेण्यात पुढाकार घेतलात, तर तुमच्या कुत्र्यांभोवती कडं तयार होतं आणि गावाचंही भलं होतं.

पायरी ६: नोंदवही सुरू करा

वही आधीच आखून ठेवा; नोंदणीनंतर पहिलं कुत्रं आणाल त्या दिवशी पहिलं पान. प्रत्येकाला स्वतंत्र पान: जात, जन्मतारीख, मायक्रोचिपचा पंधरा आकडी क्रमांक, कुठून आणलं, लशी, जंतनाशक, आजार, औषध. मादीच्या पानावर माजाच्या तारखा, नर कोण, वेताची तारीख, पिल्लं किती, मेली किती आणि कशाने. दुसऱ्या वहीत विक्री: पिल्लाची चिप, घेणाऱ्याचं नाव-पत्ता, तारीख.

केनेल क्लब ऑफ इंडियाचे वंशावळीचे कागद असतील तर ते याच फाइलला लावा. पण ते परवाना नव्हेत. 'केसीआयचे पेपर आहेत' म्हणजे जात शुद्ध असल्याचा दावा; पैदास करायची मुभा त्याने मिळत नाही.

पायरी ७: अर्ज करा

नोंदणी देणारं मंडळ म्हणजे महाराष्ट्राचं राज्य प्राणी कल्याण मंडळ. त्याचा कारभार पुण्याच्या औंधमधल्या पशुसंवर्धन आयुक्तालयाशी जोडलेला आहे. सुरुवात तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांपासून करा; त्यांच्याकडून पालघरच्या जिल्हा पशुसंवर्धन उपायुक्त कार्यालयात जा. नियमांसोबत दिलेल्या नमुन्यातच अर्ज भरायचा. प्रत्येक ठिकाणासाठी वेगळा अर्ज आणि वेगळी ५,००० रुपये फी. जव्हारला एक शेड आणि खोडाळ्याला दुसरं असेल तर दोन अर्ज. ही फी परत मिळत नाही.

जोडायचे कागद: ओळखपत्र, सातबारा किंवा मंजूर भाडेकरार, ग्रामपंचायतीचं ना-हरकत पत्र, जागेचा नकाशा आणि फोटो, पशुवैद्याचं संमतीपत्र, कुत्री किती ठेवणार त्याची यादी. प्रत्येक कागदाची पोच घ्या. दलालामार्फत अर्ज करू नका.

पायरी ८: तपासणीला उभे राहा

अर्जानंतर पशुवैद्य असलेलं पथक जागा पाहायला येतं. रंगरंगोटीत वेळ घालवू नका. ते पाणी कुठून येतं ते विचारतील, आजारी कुत्रं कुठे ठेवणार ते बघतील, फरशीचा उतार आणि नोंदवही तपासतील. त्रुटी लिहून दिल्या तर दुरुस्त करून लेखी कळवा.

प्रमाणपत्र दोन वर्षांसाठी असतं आणि दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. ते आत येणाऱ्याला दिसेल असं लावा. मुदत संपण्याच्या दोन-तीन महिने आधीच नूतनीकरणाच्या तयारीला लागा.

पायरी ९: जोडी लावा

जोडी लावण्याआधी किमान दहा दिवस पशुवैद्याकडून दोघं निरोगी असल्याचा दाखला घ्या. आई-मुलगा, बाप-मुलगी, भाऊ-बहीण, आजा-नात अशी जोडी नको. मादीला बांधून किंवा धरून जबरदस्ती नको. ती नको म्हणत असेल तर तो दिवस सोडा.

मादी साधारण सहा-सात महिन्यांनी माजावर येते, आणि एक माज सोडायचाच आहे. मग कुठला सोडायचा ते पावसावरून ठरवा. वेत नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पडेल असा माज निवडा. जुलै-ऑगस्टच्या ओलीत जन्मलेली पिल्लं सुकवता सुकवता नाकी नऊ येतात.

पायरी १०: गाभणकाळ आणि वेत

गाभणकाळ साधारण ६३ दिवसांचा. शेवटच्या तीन आठवड्यांत खाणं हळूहळू वाढवत दीडपट करा. नागलीची भाकर आणि भात पोट भरतात, पण त्यावर गाभण कुत्री निभत नाही. अंडी, मांस किंवा चांगलं तयार खाद्य हवंच.

वेताच्या आधीच्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ ताप मोजा. एरवी १०१ ते १०२ अंश फॅरनहाइट असणारा पारा ९९ च्या खाली आला की चोवीस तासांत वेत. जोराच्या कळा देऊनही अर्ध्या तासात पिल्लू आलं नाही, दोन पिल्लांत दोन तासांहून जास्त अंतर पडलं, किंवा पहिल्या पिल्लाआधीच हिरवट-काळा स्राव दिसला, तर वाट पाहू नका, डॉक्टरला फोन लावा आणि गाडी काढा. वेतानंतर दोन-चार आठवड्यांत मादी थरथरायला लागली, पाय ताठ करू लागली, तर ते कॅल्शियम कमी झाल्याचं लक्षण. तेव्हा घरगुती उपाय चालत नाहीत.

पायरी ११: पहिले आठ आठवडे

पहिला आठवडा पिल्लांना स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. बिछान्याजवळ ३० अंश सेल्सियसच्या आसपास ऊब हवी. जानेवारीच्या रात्री वीज गेली तर फडक्यात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या तयार ठेवा. रोज वजन करा. आठ-दहा दिवसांत ते दुप्पट व्हायला हवं. वजन थांबलं की आजार सुरू झाला असं समजा.

दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी जंतनाशक. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मऊ खाणं सुरू. सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान पहिली लस, पुढची तीन-चार आठवड्यांनी, रेबीजची तीन महिन्यांनंतर. या काळात पिल्लांना माणसांचा हात, भांड्यांचा आवाज, मुलांचं हसणं यांची सवय लावा. अंधाऱ्या शेडात वाढलेलं पिल्लू पुढे भित्रं किंवा चावरं होतं.

पायरी १२: विका

आठ आठवड्यांआधी पिल्लू विकायचं नाही. विकण्याआधी चिप, लस, पशुवैद्याची तपासणी. विक्री पावती देऊनच. सोबत लशीचं कार्ड, पुढच्या तारखा, काय खायला घालायचं आणि कोणत्या डॉक्टरकडे जायचं हे मराठीत लिहून द्या. आठवडी बाजारात, रस्त्याकडेला किंवा धबधब्यावर आलेल्या पर्यटकांसमोर टोपलीत पिल्लं मांडायची नाहीत. दाभोसा धबधबा बघायला आलेला माणूस भर पावसात हौसेने पिल्लू घेतो आणि दिवाळीपर्यंत त्याला कंटाळतो. आधी नोंद केलेल्या, घर दाखवलेल्या गिऱ्हाइकालाच द्या.

सहा महिन्यांहून मोठं कुत्रं नसबंदी केल्याशिवाय विकता येत नाही. अपवाद फक्त दुसऱ्या नोंदणीकृत पैदासकाराचा. सहा महिन्यांत गेलं नाही ते पिल्लू प्राणी कल्याण संस्थेमार्फत दत्तक द्यायचं. त्यामुळे मागणी नसताना वेत घेऊच नका.

पायरी १३: विक्रीनंतर

विकलेल्या प्रत्येक कुत्र्याची वर्षातून एकदा तरी चौकशी करून वहीत लिहा. किती जन्मली, किती विकली, किती मेली याचा वार्षिक अहवाल मंडळाला पाठवा. वय झालेल्या मादीची नसबंदी करून तिला चांगलं घर शोधा किंवा स्वतःकडे ठेवा.

नियम मोडले तर नोंदणी रद्द होते आणि कुत्री ताब्यात घेऊन संस्थेकडे जातात. १९६० च्या कायद्यातला पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये आहे, आणि त्याला कुणी भीत नाही हे खरं. पण प्राण्याला मारणं किंवा अपंग करणं यासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

पिल्लू घेणाऱ्यांनीही तीन गोष्टी मागाव्यात: नोंदणी प्रमाणपत्र, चिपचा क्रमांक आणि पिल्लाची आई. यातली एकही दाखवायला विक्रेता कां-कूं करत असेल तर पैसे खिशातच ठेवा. आणि दारात राखणीला कुत्रं हवं एवढीच गरज असेल, तर पाड्यावरचं एखादं पिल्लू घ्या, लस टोचा, नसबंदी करा. इथल्या पावसाला आणि रानाला त्याच्याइतकी सरावलेली दुसरी जात नाही.